जा, परकर मोजून या

शब्बीरभाई, तुम्हाला जायला दुसरा महिना सापडला नाही का? ऐन बस्त्याच्या दिवसांत कोणी असं उठून जातं का? खाली रस्त्यावर जीप उभ्या आहेत. लग्नघरची माणसं दोन्हीकडून जिना चढून येतायत, नवरदेवाकडचे एका बाजूला, नवरीकडचे दुसऱ्या बाजूला, सगळ्यांच्या मध्ये एक आत्या जिला काहीच पसंत पडत नाही. आणि मधल्या खांबाजवळ तुम्ही नाही. मी आहे.

शेठनं मला तिथं उभं केलंय. 'सुपरवायझर' लिहिलेला बिल्ला दिलाय, तोच जो तुमच्या खिशाला इतकी वर्षं वाकडा लटकायचा. मी सरळ लावते, तरी दुपारपर्यंत वाकडा होतो. शेठ म्हणाले, सीझन उरकेपर्यंत पाहा, जमलं तर जागा तुमची, नाही जमलं तर बाहेरून माणूस आणू. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अडचण काय आहे ती शेठना माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं की या खांबाजवळ मी कधी उभी राहिले, तर एकाही बाईला गिऱ्हाइकासमोर बोलणार नाही. तुम्ही चहा पीत होतात. कप खाली ठेवून म्हणालात, "मंग दुकान कसं चालवसान, बाई?"

मला वाटायचं, भांडू अजून, वेळ आहे.

हे लिहिताना शाळेतली मराठी हातात येतेय. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असतात, बाई, भाषण देऊन राह्यल्या का? हसा. मला तुमच्याशी बोलायला दुसरी जागा नाही.

मी दुकानात आले तेव्हा अजून गादी होती. पांढऱ्या गादीवर आपण मांडी घालून बसायचो आणि साड्या उलगडायचो. मग बीटीचं बियाणं आलं, पहिली काही वर्षं कापूस असा आला की चिखलीच्या बाजारात गाड्या मावेनात, आणि शेठनं वरचे दोन मजले बांधले. काचेचं दार आलं, पुतळे आले, लोक दुकानाला मॉल म्हणायला लागले. गादी गेली आणि काउंटर आले, आणि तेव्हापासून आपण सगळे उभे. सकाळी दार उघडल्यापासून उभे. शेठचं म्हणणं, बसलेला माणूस पाहिला की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान चालत नाही. माझे पाय तर संध्याकाळी चपलेत मावायचे नाहीत.

मागं, परकरांच्या रॅकच्या आडोशाला, तुम्ही एक बाकडं ठेवलं होतं. शेठना सांगितलं, माल मोजायला लागते. माल कोण मोजणार होतं तिथं? एखादीचा चेहरा उतरलेला दिसला की तुम्ही खांबाजवळून आवाज द्यायचात, "जा, परकर मोजून या." नव्या बाईला वाटायचं शिक्षा झाली. जाऊन बघते तर बाकडं. बसायची, पाय वर घ्यायची, थोड्या वेळानं परत यायची. तुम्ही विचारायचात, "भरले का बरोबर?" आणि ती म्हणायची, "हाव, भरले." माझ्या आयुष्यात कोणी मला इतक्या वेळा बसवलं नाही, शब्बीरभाई. माझ्या घरच्यांनीसुद्धा नाही.

पण तुमची ती दुसरी सवय. ती मला कधीच पटली नाही, आजही पटत नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा काउंटर नुकतेच आले होते, मीही तशी नवीनच. बस्ता मोठा होता. नवरदेवाचा बाप समोर, शेजारी व्याही बसलेले, आणि नवरीसाठी शालू नवरदेवाकडच्यांनी घ्यायचा. मी भारीतला शालू उलगडला. बायकांचे डोळे मोठे झाले. नवरीनं पदर खांद्यावर घेऊन पाहिला. मी खूश, झालाच सौदा म्हटलं. तेवढ्यात तुम्ही खांबाजवळून आलात आणि सगळ्यांच्या देखत माझ्यावर असे बरसलात की माझ्या हातातला पदर सुटला. "हा माल काऊन दाखवला? याच्या काठाची जर सुटते, हा लॉट वापस पाठवाचा हाय, सांगतलं होतं का नाही? डोळे कुठं असतात तुमचे?" मी तोंड उघडणार तर तुम्ही डोळे वटारले. त्यावर तो नवरदेवाचा बाप पुढं झाला. म्हणाला, राहू द्या हो, बाईमाणसाले काऊन बोलता, चुकते एखाद्या वेळेस, दुसरा दाखवा. आणि दुसरा, हलका शालू त्यानं स्वतः हात लावून पसंत केला. व्याही मान डोलावत होते. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मला तुम्ही मागं पाठवलंत, परकर मोजायला. मी बाकड्यावर बसून रडले. नंतर तुम्ही आलात आणि सांगितलंत की शालू उलगडला तेव्हा सगळे शालूकडे पाहत होते, तुम्ही त्या माणसाच्या हाताकडे पाहत होतात. त्यानं काठ धरला होता आणि सोडत नव्हता. व्याह्यासमोर 'झेपत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते. त्यानं तो घेतला असता आणि मग वर्षभर त्या शालूचं ओझं वाहिलं असतं. "त्याले बाहेर पडाले दरवाजा पाहिजे होता," तुम्ही म्हणालात. "तुम्ही दरवाजा झाल्या."

मी म्हटलं, मी दरवाजा व्हायला नाही आले, मी साड्या विकायला आले.

आपलं भांडण तिथं सुरू झालं. चांगलं खाऊनपिऊन वाढलेलं भांडण होतं ते. दर हंगामात नवं निघायचं. मी म्हणायचे, त्याची इज्जत राखायला माझी का काढता? तुम्ही म्हणायचात, तो आज आला न् उद्या गेला, तुमची इज्जत माझ्याजवळ जमा हाय. मी म्हणायचे, जमा आहे तर काढून दाखवा कधीतरी. मी म्हणायचे, शिवाय खोटं बोलता. तुम्ही म्हणायचात, माल खपवाले खोटं बोलतो तेव्हा कोणी काही म्हणत नाही, न खपवाले बोललो तर पाप झालं काय?

एकदा मात्र छान सापडला होतात. जर सुटणारा म्हणून बाजूला काढलेला शालू दोन तासांनी पुतळ्याच्या अंगावर, आणि त्याच बस्त्यातली आत्याबाई विसरलेली पिशवी न्यायला परत वर आलेली. पुतळ्यासमोर उभी राहून बोट दाखवून म्हणाली, हा तर तोच. मी म्हटलं, आज हे गेले. तुम्ही पापणी लववली नाही. पुतळ्याला कपडे घालणाऱ्या सुरेशला हाक मारली आणि त्याला असं झापलं, असं झापलं, की आत्याबाईच म्हणाली, जाऊ द्या भाऊ, पोटापाण्याची नोकरी हाय त्याची. ती जिना उतरली आणि आपण तिघं परकरांच्या मागं जाऊन तोंडात बोळे कोंबून हसलो. सुरेश तर खालीच बसला. तुमचे दात त्या दिवशी मला सगळे दिसले.

मग ती वर्षं आली. बीटीत अळी येत नाही म्हणत होते ते लोकच बोंडं फोडून दाखवायला लागले. बस्त्याला जीप भरून येणारी माणसं एसटीनं यायला लागली, तीही मोजकी. आत्या घरीच राहायला लागल्या. आणि तुमची खांबाजवळून काउंटरकडे येण्याची पाळी दिवसातून कितीदा तरी यायला लागली. आम्ही बायका आपसात म्हणायचो, आज कोणाची पाळी बोलणी खायची.

त्याच वर्षांत खालच्या मजल्यावर मयताच्या पांढऱ्या कापडाला लोक जास्त येऊ लागले. तुम्ही वरच्या मजल्याचे, तरी तसं गिऱ्हाईक आलं की खालून हाक यायची आणि तुम्ही उतरायचात. हे काम तुम्ही कोणाला करू दिलं नाही. मला एकदाच शेजारी उभं केलंत, शिकावं म्हणून. काय घडलं ते विचारायचं नाही. किमतीचा शब्द काढायचा नाही. कापड टराटरा फाडायचं नाही, कात्रीनं कापायचं. आणि दुकानात आपल्या तोंडाला जे वाक्य चिकटलेलं असतं, 'आणखी काय दाखवू?', ते दातांखाली धरायचं. तेवढं सांभाळा, तुम्ही म्हणालात, बाकी त्याच्या मनाले जे व्हाचं ते होते.

आता आपलं शेवटचं भांडण. ते मला सुखानं झोपू देत नाही.

दत्तूअण्णाचा बस्ता. बीबी गावचा माणूस, म्हणजे माझ्या माहेरचा. माझ्या भावाच्या शेताला त्याचं शेत लागून. आल्याबरोबर त्यानं सगळ्यांना सांगितलं, ही आपल्या गावची पोरगी, आपल्याले बरोबर दाखवते. मीही फुलले. इतकी वर्षं या दुकानात काढली, गावचं कोणी माझ्या काउंटरला बस्ता घेऊन आलं नव्हतं. मी शालू उलगडले, भारीतला एक मध्ये आला. अण्णाचा हात काठावर थांबला. मला दिसलं, शब्बीरभाई. मला तुमच्याइतकंच दिसलं. माझा हात दुसऱ्या शालूवर गेलेला होता. मी म्हणणार होते, अण्णा, हा रंग नवरीला जास्त उठून दिसतो. एवढंच. कोणाचंही काही न जाता झालं असतं.

तुम्ही थांबला नाहीत. आलात आणि नेहमीपेक्षा जास्त बोललात. इतकी वर्षं झाली, अक्कल कवा येईन, असं बोललात. माझ्या माहेरच्या माणसांसमोर. अण्णा उठून उभा राहिला, हात जोडून म्हणाला, साहेब, आमच्या पोरीले नका बोलू, चूक माह्यी हाय, मीच म्हटलं तो दाखव म्हणून. तुम्ही मग नरम पडलात. बस्ता झाला. अण्णा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.

मी परकर मोजायला गेले नाही. तुम्ही सांगितलंत तरी गेले नाही. संध्याकाळी जिन्यात तुम्हाला अडवलं आणि विचारलं, "मले दिसलं होतं. तुम्हाले माहीत होतं मले दिसलं. मंग काऊन बोलले?"

तुम्ही रुमालानं मान पुसली. म्हणालात, "सांगतो. सीझन उरकू द्या."

दुसऱ्या दिवशी मी बोलले नाही, तुम्हीही नाही. खांबाजवळून दोनदा माझ्याकडे पाहिलंत. त्याच्या पुढच्या सकाळी तुमच्या मोहसीनचा फोन आला शेठना, की अब्बा दुकानात यायला निघाले होते, बूट घालता घालता बसले ते उठलेच नाहीत.

कापड न्यायला मोहसीन आपल्याच दुकानात आला. दुसरीकडे कुठं जाणार? खालून हाक आली, सवयीनं, "शब्बीरभाईला पाठवा." ज्यानं हाक मारली तोच मग तोंडावर हात घेऊन उभा राहिला. कोणी हलेना. मी उतरले. मोहसीनला काही विचारलं नाही. कात्रीनं कापलं. घडी घातली. त्याच्या हातात दिली आणि माझ्या तोंडात ते वाक्य आलं, इतक्या वर्षांची सवय, आणखी काय दाखवू. मी ते दातांखाली धरलं. तुम्ही बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मला करायला काहीच नव्हतं. पुरुष कब्रस्तानात गेले. दुकान अर्धा दिवस बंद होतं. मी घरी येऊन बसले. घरी कोण आहे? मुलगी सासरी, तिला फोन केला तर म्हणाली, कोण शब्बीरभाई, ते दुकानातले का? हाव, म्हटलं, दुकानातले. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेले. भाभींनी जवळ बसवलं, पाणी दिलं, बायकांना सांगितलं, दुकानातल्या बाई आहेत. सगळ्या चांगल्या बोलल्या. पण रडायची एक रांग असते, शब्बीरभाई. बायको, बहिणी, सुना, शेजारणी. त्या रांगेत माझी जागा कुठं धरायची ते मला समजेना. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी ज्या माणसाच्या नजरेसमोर उभी होते, त्याचं आणि माझं नातं काय, याला आपल्याकडे शब्दच नाही. मी पाणी पिऊन उठले.

मग आठवड्यानं वहिनीचा फोन आला बीबीहून. मला धाकधूक, आता ती म्हणेल, तुला लोकांसमोर कसं बोलले गं. तिनं सुरुवातही तशीच केली. पण पुढं सांगितलं की दत्तूअण्णा गावभर सांगतोय, पारावर, हॉटेलात, लग्नाच्या मांडवातही सांगितलं, की सुनंदाची नोकरी जात होती, साहेब खवळला होता, मी मधात पडलो आणि वाचवली. वहिनी म्हणाली, औंदा त्यायच्या वावरात काही पिकलं नाही. पण लग्नात छाती काढून फिरत होते.

मी फोन ठेवला आणि एकटीच हसले. मग राग आला. मग रडले, खरं रडले, त्या दिवशी तुमच्या घरी न आलेलं. हेच सांगणार होतात का? मी शालू हळूच बदलला असता तर अण्णा फक्त सुटला असता. तुम्ही त्याला गावाकडे न्यायला काहीतरी दिलंत. यंदा त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मला पटलं. आणि तरी सांगते, ते तुम्ही माझ्या गाठीचं काढून दिलंत, मला न विचारता. दोन्ही खरं आहे. तुम्ही असतात तर यावर आपण दोन हंगाम भांडलो असतो.

तर आता मी खांबाजवळ. पहिले काही दिवस सगळे बस्ते सोपे गेले. काल आला तुम्हाला उठून यावं लागायचं तसला बस्ता. सोनाळ्याकडची सोयरीक, इतक्या लांबून आलेले. काउंटरवर वंदना होती. तिचं तुम्हाला माहीत आहे, दोन मुलं, सासू अंथरुणावर, सकाळी डोळे सुजलेलेच असतात. तिनं भारीतला शालू उलगडला. नवरदेवाच्या बापाचा हात काठावर थांबला. शेजारी व्याही. मी खांबाजवळून पाहत होते. वंदनाला बोलले तर ती तिथंच रडेल. नाही बोलले तर तो माणूस शालू घेणार, त्याची मान हलायला लागलीच होती. शेठ जिन्यावर उभे राहून माझ्याकडे पाहत होते. हाच तुमचा प्रश्न. मंग दुकान कसं चालवसान?

मी गेले. शालू उचलला, काठ उजेडात धरला आणि माझा आवाज मलाच तुमच्यासारखा ऐकू आला.

"हा लॉट कोणी भरला? आमचे आधीचे सुपरवायझर होते ना, शब्बीरभाई, त्यायचंच काम हे. याची जर सुटते. कितींदा सांगतलं त्यायले, पाहून भरत जा. डोळे कुठं असत होते, देव जाणे. त्यायचं निस्तरता निस्तरता आमचा जीव चालला."

मी आणखीही बोलले. थांबवेना मला. त्या दिवशीचं, जिन्यातलं, सांगतो म्हणून न सांगता गेल्याचं, सगळं त्या शालूच्या नावानं बाहेर पडलं. वंदना माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. सुरेशनं पुतळ्यामागं तोंड लपवलं.

नवरदेवाचा बाप पुढं झाला. शालू माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. म्हणाला, "जाऊ द्या हो बाई. माणूस हाय, होते चूक. नका बोलू त्यायले एवढं."

मी म्हटलं, "बरं. तुम्ही म्हणता म्हणून सोडते."

त्यानं हलका शालू पसंत केला. ताठ बसून. व्याह्यांनी मान डोलावली. मी वंदनाला म्हटलं, जा, परकर मोजून या, आणि तिच्या मागोमाग मीही गेले, क्षणभर. बाकडं तिथंच आहे. संध्याकाळी मी शेठना हो सांगितलं.

मी तुमच्या कबरीवर येऊ शकत नाही, आणि तुमची दुआ मला येत नाही. पण दुकानात आता बोलणी खाणारा माणूस ठरला आहे. चिडू नका, तुम्हीच म्हणाला होतात, इज्जत जमा आहे. मी ती आता तुमच्या खात्यातून काढते. आणि दर बस्त्याला कुठल्या ना कुठल्या गावचा एक अनोळखी माणूस उठेल, हात पुढं करेल आणि म्हणेल, जाऊ द्या, त्यायले नका बोलू. तेवढी व्यवस्था मी केली आहे, शब्बीरभाई.